राष्ट्रपती जिल्ह्यात येतात तेव्हा : मिनिटामिनिटाचा कागद कसा वाचायचा

जिल्ह्यात राष्ट्रपती येणार अशी बातमी आली की आठ दिवस टपरीवर दुसरा विषय नसतो. फाट्यावर बांधकाम विभागाचा रोलर उभा राहतो, महावितरणचे लाइनमन तारांवर आलेल्या फांद्या छाटायला लागतात, तलाठी कोणाच्या तरी वावरात टेप धरून मोजमाप घेताना दिसतो. मग मोबाइलवर एक कागद फिरतो. त्यावर ‘आगमन’, ‘प्रयाण’, ‘राखीव’ एवढेच शब्द आणि समोर वेळा. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो : एका तासाच्या कार्यक्रमासाठी एवढा खटाटोप का? राष्ट्रपतींचा दिवस असतो तरी कसा? आणि आपले निवेदन त्यांच्या हाती पडले तर पुढे होते काय?

५ जुलै २०२३ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू गोंडवाना विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभासाठी गडचिरोलीत आल्या होत्या. त्याच वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला त्या नागपूरलाही येऊन गेल्या. असे दौरे आपल्या विदर्भात होतच राहणार. म्हणून हा कागद नीट समजून घेऊ.

सातबारा एकाच्या नावावर, वाहिती दुसऱ्याकडे

आपल्याकडे पुष्कळ घरांत जमिनीचा सातबारा आजोबांच्या नावावर असतो. पऱ्हाटी, म्हणजे कापूस, लावायची की सोयाबीन, कर्ज किती काढायचे, हे कर्ता मुलगा ठरवतो. पण कागदावर सही आजोबांची लागते. देशाची मांडणी साधारण अशीच आहे. राष्ट्रपती हे राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान हे सरकारचे प्रमुख. केंद्राचा सगळा कारभार राष्ट्रपतींच्या नावाने चालतो, ठरवते मात्र मंत्रिमंडळ. राज्यातही हेच. कोणताही शासन निर्णय, म्हणजे जीआर, काढून शेवटची ओळ पाहा : ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. राज्यपालांनी तो जीआर लिहिलेला नसतो.

मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे, हे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने स्पष्ट लिहिले गेले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने एक फट ठेवली : राष्ट्रपती एकदा ‘पुन्हा विचार करा’ म्हणून सल्ला परत पाठवू शकतात. तोच सल्ला परत आला तर मानावा लागतो. संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाचेही तसेच. फक्त पैशांविषयीचे विधेयक, ज्याला धन विधेयक म्हणतात, आणि घटनादुरुस्तीचे विधेयक परत पाठवता येत नाही.

दौऱ्याचा अर्थ लावताना हीच गोष्ट उपयोगी पडते. राष्ट्रपती सभेत योजना जाहीर करत नाहीत, निधीचा आकडा सांगत नाहीत, कारण तो अधिकार सरकारचा. आपल्या भागात येऊन गेल्या आणि काही देऊन गेल्या नाहीत, अशी नाराजी पुष्कळदा याच गैरसमजातून येते.

दिल्लीतला दिवस कशात जातो

बाहेर दिसणारी कामे प्रसिद्धिपत्रकांत येतात. नव्या परदेशी राजदूतांची अधिकारपत्रे स्वीकारणे, भेटीला आलेल्या शिष्टमंडळांशी बोलणे, पद्म पुरस्कार देणे, पाहुण्या राष्ट्रप्रमुखांसाठी भोजन. १४ ऑगस्ट आणि २५ जानेवारीच्या संध्याकाळी देशाला उद्देशून भाषण. वर्षाच्या पहिल्या अधिवेशनात संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे अभिभाषण. हे अभिभाषण सरकारचे धोरण सांगते, म्हणून ते मंत्रिमंडळ तयार करते. शिवाय केंद्रीय विद्यापीठे आणि एनआयटी, म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, यांचे ‘कुलाध्यक्ष’ राष्ट्रपती असतात. वर्ध्याचे हिंदी विश्वविद्यालय आणि नागपूरचे व्हीएनआयटी ही त्यातलीच. दीक्षान्त समारंभांची निमंत्रणे एवढी का जातात, ते यावरून कळेल.

न दिसणारे काम फायलींचे. विधेयके, अध्यादेश, न्यायाधीश आणि राज्यपालांच्या नेमणुका, फाशीच्या कैद्यांचे दयेचे अर्ज. या कामाला घड्याळ नसते, आणि त्याची दोन उदाहरणे आपल्या अगदी जवळची आहेत.

२९ जुलै २०१५ ची रात्र. याकूब मेमनची फाशी नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेली होती. त्याचा दयेचा नवा अर्ज राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्याकडे आला. गृहमंत्र्यांशी चर्चा झाली आणि रात्री उशिरा अर्ज फेटाळला गेला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने पहाटे सुनावणी घेतली. दुसरे उदाहरण २३ नोव्हेंबर २०१९ चे. महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठवली गेली आणि आठच्या सुमारास मुंबईत शपथविधी झाला. आदल्या संध्याकाळच्या कार्यक्रमपत्रिकेत यातले काहीही असण्याची शक्यता नव्हती.

दौऱ्याच्या कागदावरचा ‘राखीव’ हा शब्द म्हणूनच रिकामा वेळ दाखवत नाही. त्या वेळात फायली पाहिल्या जातात, फोन होतात, औषध-जेवण होते, आणि आधीचा कार्यक्रम लांबला तर तोच वेळ खर्ची पडतो. बी-बियाणे घेताना एखादी बॅग जास्तीची ठेवतो, तसा.

वेळापत्रक शेवटाकडून मांडतात

आपण गावाला निघतो तेव्हा निघण्याच्या वेळेपासून पुढे मोजतो. व्हीव्हीआयपी दौऱ्यात उलट असते. व्यासपीठावर बसण्याची वेळ आधी ठरते आणि तिथून मागे मोजत येतात.

समजा, गडचिरोलीत दीक्षान्त समारंभ १२ वाजता आहे. झगा घालून मिरवणुकीने व्यासपीठावर यायला दहा-पंधरा मिनिटे, म्हणजे समारंभाच्या जागी ११.४५ ला पोचले पाहिजे. हेलिपॅडवरचे स्वागत आणि मोटारीचा रस्ता धरून हेलिकॉप्टर ११.३० ला उतरले पाहिजे. नागपूरहून हवेतून पाऊण तास, म्हणजे उड्डाण १०.४५ ला. नागपूर विमानतळावरचे स्वागत आणि विमानातून हेलिकॉप्टरमध्ये बसणे याला वीस मिनिटे, म्हणजे विमान १०.२५ पर्यंत उतरायला हवे. दिल्लीहून दीड तास धरा. पहाटेचे आवरून, फायली बाजूला ठेवून राष्ट्रपती भवनातून साडेआठच्या आतच निघावे लागते.

आता समोर बसणाऱ्यांच्या बाजूने मोजा. पाहुणे पोचण्याआधी तासभर प्रवेशद्वार बंद होते. हजारो माणसांची एकेक करून तपासणी करायची तर दारे साडेआठला उघडावी लागतात. दूरच्या भामरागड तालुक्यातल्या विद्यार्थ्याला मग आदल्या दिवशीच गडचिरोलीत मुक्कामाला यावे लागते. तासाभराच्या समारंभासाठी त्याचे दोन दिवस जातात. नियोजन करणाऱ्यांनी त्याच्या मुक्कामाची, पाण्याची, संडासाची सोय कागदावर तेवढ्याच बारकाईने लिहिली पाहिजे. ती पुष्कळदा लिहिलेली नसते, आणि ही खरी उणीव आहे.

परतीलाही एक भिंत असते : सूर्यास्त. तात्पुरत्या हेलिपॅडवर रात्रीच्या उड्डाणाची सोय नसते. त्यामुळे हिवाळ्यात, जेव्हा आपल्याकडे सहाच्या आत अंधारते, दुपारचे भाषण लांबले की अधिकाऱ्यांच्या नजरा घड्याळाकडे वळतात.

वावरातला हेलिपॅड : चुका इथे होतात

हवाई दलाचे एमआय-१७ व्ही-५ हे हेलिकॉप्टर पूर्ण भरलेले असताना सुमारे १३ टनांचे असते. म्हणजे १३० क्विंटल. हे सगळे वजन मोजक्या चाकांवर येते. आता आपली काळी माती डोळ्यांपुढे आणा. उन्हाळ्यात तिला भेगा, पावसाळ्यात ती चिकट आणि फुगलेली. अशा जमिनीवर सरळ उतरता येत नाही. वरची माती काढून, मुरूम थरथराने टाकून, पाणी मारून रोलर फिरवावा लागतो. त्यावर बहुधा काँक्रीट किंवा डांबराचा चौथरा आणि मधोमध पांढरा ‘एच’. सोबतची हेलिकॉप्टरेही असतात, म्हणून एका ओळीत तीन हेलिपॅड केलेले दिसतात.

काँक्रीटची गोष्ट घर बांधलेल्या कोणालाही सांगावी लागणार नाही. स्लॅब पडला की आपण रोज पाणी मारतो, कारण काँक्रीटला ताकद धरायला वेळ लागतो. सात दिवसांत साधारण दोन-तृतीयांश, अठ्ठावीस दिवसांत ठरलेली पूर्ण. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी केरळमध्ये नेमके हेच चुकले. राष्ट्रपती मुर्मू शबरीमलेला निघाल्या होत्या. हवामानामुळे उतरण्याची जागा ऐनवेळी बदलून प्रमाडमचे मैदान ठरले आणि तिथे घाईने काँक्रीट टाकले गेले. हेलिकॉप्टर उतरले तेव्हा चाके त्या ओल्या काँक्रीटमध्ये रुतली. राष्ट्रपती सुखरूप उतरून मोटारीने पुढे गेल्या. मागे पोलीस आणि अग्निशमन दलाच्या जवानांनी हेलिकॉप्टर ढकलून सरकवले. चूक काँक्रीटची नव्हती. पर्यायी जागा आधीपासून तयार ठेवली नव्हती, ही चूक होती.

दुसरा शत्रू वारा, तोही हेलिकॉप्टरचाच. पंख्याखालचा झोत एवढा जोरदार असतो की कोरडी माती उडून वैमानिकाला खालचे काही दिसत नाही. म्हणून उतरण्याआधी टँकरने पाणी शिंपडतात. कमी झाले तर धूळ, जास्त झाले तर चिखल. आणि काळ्या मातीत या दोहोंमधले अंतर फार थोडे. जवळच्या धुऱ्यावरची कडब्याची गंजी, कुटाराचा ढीग, गोठ्यावरचे सैल टिन, मंडपाचे कापड, प्लास्टिकची ताडपत्री, यातले काहीही उडून पंख्यात जाऊ शकते. पोलीस येऊन गंजी हलवायला सांगतात तेव्हा राग येतो, पण कारण हे आहे. हलवण्याची मजुरी आणि उभ्या पिकाचे नुकसान मात्र तलाठ्याकडून आधीच पंचनाम्यात लिहून घ्यावे, फोटो काढून ठेवावेत. कार्यक्रम झाल्यावर मोजायला पीक उरत नाही.

हवामान बिघडले तर काय, याचेही उत्तर कागदावर असते : रस्ता. नागपूर ते गडचिरोली सुमारे १७० किलोमीटर. हेलिकॉप्टरने येणार असले तरी हा रस्ता दुरुस्त करून, पोलीस नेमून सज्ज ठेवावा लागतो. ‘हवेतून येणार तर खड्डे कशाला बुजवता’ या प्रश्नाचे उत्तर हे.

आगाऊ पथक आणि तालीम

राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्या दौऱ्यात सुरक्षेचे नियम काय, याची केंद्रीय गृहमंत्रालयाची एक गोपनीय पुस्तिका आहे. तिला ‘ब्लू बुक’ म्हणतात. दिल्लीहून आगाऊ पथक येऊन जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, बांधकाम, आरोग्य, महावितरण, अन्न व औषध प्रशासन यांच्याबरोबर प्रत्येक जागा पाहते. जेवणाचा प्रत्येक पदार्थ आधी तपासला जातो. राष्ट्रपतींच्या रक्तगटाचे रक्त आणि डॉक्टरांसह सुसज्ज रुग्णवाहिका ताफ्यात असते, एक रुग्णालय तयार ठेवलेले असते. विजेसाठी महावितरणची लाइन, शिवाय जनरेटर, आणि त्यालाही जोड. आदल्या दिवशी पूर्ण ताफा तेवढ्याच वेगाने फिरवून रंगीत तालीम होते. कागदावर सात मिनिटांचा असलेला रस्ता खरोखर किती मिनिटांचा, ते तालमीतच कळते.

व्यासपीठावर कोणी कुठे बसायचे यावरून जिल्ह्यात रुसवेफुगवे ठरलेले. पण हे स्थानिक पातळीवर ठरत नाही. देशाचा एक मानक्रम आहे : राष्ट्रपती पहिल्या, उपराष्ट्रपती दुसरे, पंतप्रधान तिसरे, आपापल्या राज्यात राज्यपाल चौथे, आपापल्या राज्यात मुख्यमंत्री सातव्या क्रमांकावर. खुर्च्याही मोजून मंजूर झालेल्या असतात. ऐनवेळी एक खुर्ची वाढवा म्हणणाऱ्याला जिल्हाधिकारीसुद्धा होकार देऊ शकत नाहीत.

राष्ट्रगीताची पूर्ण धून सुमारे ५२ सेकंदांची. ध्वनियंत्रणेने नेमके त्याच वेळी दगा देऊ नये म्हणून तीही दोनदा तपासतात.

मंडपात जाणाऱ्याने पास आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. पाण्याची बाटली, काडेपेटी, लायटर, छत्री, पिशवी घरीच ठेवा. आपल्याकडे एक चूक हमखास होते : खिशात खर्र्याची पुडी किंवा कमरेच्या बटव्यात आडकित्ता राहून जातो. आडकित्ता लोखंडी धारेचा, दारावर तो अडणारच. तो ठेवायला परत बाहेर गेलात की रांगेत पुन्हा शेवटी. साखरेचा आजार असलेल्यांनी आत जाण्याआधी खाऊन घ्यावे आणि गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी, कारण एकदा बसल्यावर तीन तास उठणे अवघड.

रस्ता अडवला आणि घरात आजारी माणूस असेल तर?

ही तक्रार सगळ्यांत गंभीर आहे आणि तिला हलके घेऊ नये. २५ जून २०२१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद कानपूरला गेले असताना वाहतूक रोखून धरली गेली. त्यात एका आजारी महिलेची गाडी अडकली आणि रुग्णालयात पोचेपर्यंत तिचा मृत्यू झाला. पोलीस आयुक्तांनी जाहीर माफी मागितली, काही पोलिसांना निलंबित केले गेले. याच्या उलट उदाहरण जून २०१७ चे. बंगळुरूत ट्रिनिटी सर्कलजवळ वाहतूक पोलिसातल्या एका उपनिरीक्षकाने राष्ट्रपती मुखर्जी यांचा ताफा येत असतानाही रुग्णवाहिकेला आधी वाट करून दिली. त्याला शिक्षा झाली नाही. वरिष्ठांनी त्याचे कौतुक केले. रुग्णाला वाट देणे म्हणजे शिस्त मोडणे नव्हे, हे त्या प्रसंगातून सरळ दिसते.

अडचण कुठे येते? ताफा जायला दोन मिनिटे पुरतात, पण चौकातला शिपाई धोका नको म्हणून अर्धा तास आधी रस्ता अडवतो, आणि ‘रुग्ण असेल तर सोड’ हा आदेश त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो. खेड्यात त्यात भर अशी की पर्यायी रस्ता म्हणजे पांदण, आणि ती पावसाळ्यात बंद. म्हणून घरात बाळंतपण जवळ आले असेल, डायलिसिस असेल, तर दोन दिवस आधी आशाताईंना आणि पोलीस ठाण्यात सांगून ठेवा. शक्य असेल तर गरोदर बाईला आदल्या दिवशीच तालुक्याला हलवा. वाटेत अडकलात तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. खाजगी गाडीपेक्षा तिला वाट मिळणे सोपे जाते.

निवेदन दिले तर काम होईल का?

मोठ्या आशेने लोक निवेदने घेऊन उभे राहतात, म्हणून हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मागणी कोणती आहे, यावर उत्तर बदलते.

पीकविमा, घरकुल, वनहक्क दावा, रस्ता. ही कामे राष्ट्रपतींच्या हाती नाहीत. निवेदन राष्ट्रपती सचिवालयात जाते आणि तिथून संबंधित मंत्रालयाकडे किंवा राज्य सरकारकडे पाठवले जाते. फिरून ते बहुधा तुमच्याच जिल्ह्यात येते. फायदा एवढाच की वरून आलेल्या कागदाला उत्तर द्यावे लागते.

अनुसूचित जमातीच्या यादीत समावेशाची मागणी विदर्भात जुनी आहे. गोवारी आणि हलबा समाजांनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढे दिले. घटनेच्या ३४२ व्या कलमाप्रमाणे मूळ यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने निघते, पण त्यानंतर नाव घालायचे किंवा काढायचे तर संसदेचा कायदाच लागतो. एकट्या राष्ट्रपतींच्या सहीने ते होत नाही.

वेगळ्या विदर्भाचेही असेच. नव्या राज्याचे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय संसदेत मांडता येत नाही आणि ते आधी राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागायला पाठवावे लागते. पण ती शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच होते.

दोन बाबतींत मात्र राष्ट्रपतींचे नाव आपल्याशी थेट जोडलेले आहे, आणि निवेदन लिहिणाऱ्यांनी त्या वापरायला हव्यात. पहिली, घटनेची पाचवी अनुसूची, म्हणजे आदिवासी भागांच्या कारभाराची तरतूद. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि मेळघाटातले अनुसूचित क्षेत्र राष्ट्रपतींच्या १९८५ च्या आदेशाने ठरलेले आहे, आणि त्या क्षेत्राच्या कारभाराचा अहवाल राज्यपालांनी दरवर्षी राष्ट्रपतींना द्यायचा असतो. ‘आमच्या तालुक्याचा प्रश्न या अहवालात घ्या’ ही मागणी नेमकी आणि घटनेला धरून आहे. दुसरी, कलम ३७१ चा दुसरा भाग. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळे नेमण्याची विशेष जबाबदारी राष्ट्रपती आदेशाने राज्यपालांवर सोपवू शकतात. त्याप्रमाणे १९९४ मध्ये मंडळे झाली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. इथे आदेश राष्ट्रपतींच्याच नावाने निघतो, अर्थात सरकारच्या सल्ल्याने.

निवेदन ताफ्याच्या वाटेवर धावत जाऊन द्यायचा प्रयत्न करू नका. पोलीस अडवतील आणि कागद हरवेल. भेट हवी असेल तर शिष्टमंडळातल्या प्रत्येकाचे नाव, ओळखपत्र आणि विषय लिहून जिल्हाधिकारी कार्यालयात दौऱ्याच्या बरेच दिवस आधी द्या. भेट मिळाली नाही तर पोस्टाने पाठवा : राष्ट्रपती सचिवालय, राष्ट्रपती भवन, नवी दिल्ली ११०००४. सचिवालयाच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. मागणी एकच, मजकूर एका पानाचा, वर गाव-तालुका-जिल्हा आणि मोबाइल क्रमांक, सोबत आधी दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्यांच्या झेरॉक्स. पाच मागण्या एकाच कागदावर लिहिल्या तर तो कोणत्या खात्याकडे पाठवायचा हेच ठरत नाही. स्पीड पोस्टाची पावती जपून ठेवा. ऑनलाइन दिले असेल तर नोंदणी क्रमांक लिहून ठेवा आणि महिन्याभराने त्याच क्रमांकावर तो अर्ज कोणत्या कार्यालयात गेला ते पाहा. पुढचा पाठपुरावा त्या कार्यालयात करायचा.